बिनबैलाची भाजी

शंतनूचे डोळे ही त्या घरातली सगळ्यांत मोलाची वस्तू होती. देवासच्या औद्योगिक वसाहतीत गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात तो बावीस वर्षं माल तपासायचं काम करत होता. यंत्राच्या नजरेतून सुटलेला ओरखडा शंतनूला दिसतो, असं तिथले लोक म्हणायचे, आणि ते ऐकलं की स्वारी मिशीतल्या मिशीत हसायची. अशा माणसाला जुलैत डॉक्टरांनी सांगितलं, की रक्तातली साखर हाताबाहेर चालली आहे आणि डोळ्यांच्या पडद्यावर पहिले ठिपके दिसायला लागले आहेत.

"तीन महिने हातात आहेत," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या चालूच राहतील. पण खाणं बदललं नाही तर नुसत्या गोळ्या काय करणार? दसऱ्यानंतर पुन्हा या. मग डोळ्यांचं बोलू."

त्याची बायको देवश्री शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. शंतनूचे वडील शेवटची सहा वर्षं भिंत धरून चालले होते, तेही साखरेपायीच. जेवताना देवश्री त्यांना सांगायची, बाबा, वरण उजव्या हाताला, भाजी समोर, पाण्याचा तांब्या डावीकडे. हेच सगळं नवऱ्याला सांगायची वेळ येऊ द्यायची नाही, असं तिने दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच ठरवून टाकलं.

ठरवायला काय जातं! माळव्यात राहून पथ्य पाळणं म्हणजे हलवायाच्या दुकानात बसून उपास करण्यासारखं आहे. इथे सकाळी पोह्यांवर शेव, दुपारी टोमॅटोच्या भाजीत शेव, संध्याकाळी चहाबरोबर शेव, आणि पाहुणे आले तर शेवेवर थोडी बारीक शेव. शंतनूचे आजोबा पुण्याहून आलेले असले, तरी शंतनूची जीभ पक्की इंदुरी-देवासी होती. त्यात त्याची पाळी दर आठवड्याला बदलायची आणि देवश्रीची शाळा सकाळी साडेसातला भरायची. ती सहावी ते आठवीला गणित शिकवायची. पाच वाजता उठून दोन डबे करायचे, ते करताना कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या आणि मनातल्या मनात घटकचाचणीचे पेपर काढायचे, यात स्वयंपाक चवीचा, पथ्याचा आणि वेळेत, असा तिन्ही अंगांनी जमवणं काही सोपं नव्हतं.

तरी बाई हटली नाही. आधी ओट्स आणले. शंतनूने दोन चमचे खाऊन विचारलं, "हे भिंतीला लावायचं होतं का?" मग ज्वारी आणली. भाकरी जमेपर्यंत आठवडा गेला आणि जमली तेव्हा दळण जुनं निघालं. इंदूरच्या एका दुकानातून सेंद्रिय म्हणून कागदी पिशवीतली भाजी आणली, तर ती घरी येईपर्यंत मलूल झाली होती. शेवटी कॉलनीत रोज हातगाडी लावणाऱ्या भूपेंद्रला तिने धरलं.

"भिया, ये लौकी कहाँ की है?"

"मंडी की, भाभी."

"मंडी में कहाँ से आती है?"

"मंडी में तो मंडी से ही आती है, भाभी," भूपेंद्र म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरोखरच त्यापलीकडचं माहीत नव्हतं, आणि देवश्रीच्या लक्षात आलं की इतकी वर्षं तिलाही नव्हतं.

तो दुधी तिने त्या दिवशी निगुतीने शिजवला. तेल चमचाभर, शेव नाही, मसाला नाही. शंतनूने घास घेतला, चावला आणि ताट हळूच पुढे सरकवलं. "देवश्री, रागावू नकोस. पण याला चवच नाही गं." ती रागावलीच. मग तिने स्वतः खाऊन पाहिलं, आणि नवऱ्याचं खरं होतं. तो दुधी नव्हता, दुधीच्या आकाराचं पाणी होतं. इतकी वर्षं तेलाने आणि शेवेने हे झाकलं होतं, आणि आता तिने पांघरूण काढल्यावर खाली काही उरलंच नव्हतं. ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. आपण चुकतोय तरी कुठे, हे न कळण्याचं दुःख तिला फार झालं. शंतनू कारखान्याच्या कँटीनमध्ये समोसे खातो हे तिला त्याच आठवड्यात कळलं. ती भांडली नाही. कोणत्या तोंडाने भांडणार?

असा दीड महिना गेला. साखर जराही हलली नाही. आणि भाद्रपद आला.

दर वर्षी त्यांचा गणपती देवासच्या घरीच बसायचा. पण या वर्षी शंतनूच्या थोरल्या बहिणीच्या, इरावतीताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून दोघं सुट्टी काढून धारला त्यांच्या मदतीला गेली. इरावतीताई धारच्या जुन्या मराठी घराण्यात दिलेल्या. सासरची माणसं एके काळी संस्थानच्या कचेरीत होती, आता मुलं बंगळुरात आणि यजमान फोटोत. ताई स्वतः पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि दोन खोल्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये राहत होत्या, पण देवाधर्मात एक मात्रा इकडची तिकडे खपायची नाही. देवश्रीने त्यांना वन्सं म्हणायचं, उंबऱ्यातून आत येताना आधी वाकायचं, मग बोलायचं. विज्ञान वेगळं आणि रीत वेगळी, असं त्या म्हणत आणि त्यावर वाद घालत नसत.

पोचल्या संध्याकाळी चहा घेता घेता पंचमीचा विषय निघाला. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बायकांनी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरलेल्या जमिनीतलं धान्य नको, मोटेच्या पाण्यावरचं नको. माणसाने हाताने लावलेलं किंवा आपोआप उगवलेलं, तेवढंच चालतं. त्याची एकच मिसळीची भाजी करतात, तिला ऋषीची भाजी म्हणतात.

"तू देवासला कुठून आणतेस गं ही भाजी?" ताईंनी सहज विचारलं.

देवश्रीने तितक्याच सहज सांगितलं, "मंडईतून. वन्सं, आता बैल राहिलेत कुठे? सगळीकडे ट्रॅक्टरच. म्हणजे मंडईतलं सगळंच बिनबैलाचं झालं की नाही?" गणिताच्या बाईंना आपल्या या तर्काचं फार कौतुक होतं. आठ वर्षं त्याच्या जोरावर तिने ऋषिपंचमी साजरी केली होती. फ्लॉवरसुद्धा घातला होता.

इरावतीताईंनी कप बशीत ठेवला. शंतनूने घाईने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, कारण त्याला हसू येत होतं आणि बहिणीसमोर हसायची सोय नव्हती.

"फ्लॉवर?" ताई म्हणाल्या.

"थोडासाच," देवश्री म्हणाली.

ताई रागावतील असं वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या, "चूक तुझी नाही. मी तुला कधी दाखवलंच नाही. दर वर्षी मी एकटीच रिक्षा करून जात होते. यंदा हा गुडघा मेला जाऊ देणार नाही. उद्या सकाळी तुम्ही दोघं जा. नालछ्याच्या पुढे मांडूच्या रस्त्याला उजवीकडे खुरासानी चिंचेचं, म्हणजे आपल्या गोरखचिंचेचं, मोठं झाड लागेल, तिथे गाडी ठेवा आणि पायवाटेने वर चढा. मालनचं घर कुणीही सांगेल. म्हणावं, धारच्या बाईंनी पंचमीची भाजी मागितली आहे. उद्या तोडलेली पंचमीपर्यंत टिकेल, मालनची भाजी तीन दिवसांत मान टाकत नाही."

"मंडईतून आणली असती ना, ताई. एवढ्यासाठी चाळीस किलोमीटर?" शंतनू म्हणाला.

"तू चाळीस किलोमीटर म्हणतोस," ताई म्हणाल्या, "आणि तिने तुमच्यासारख्यांसाठी काय केलंय ते वर जाऊन बघ. मी सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी दोघं निघाली. दोन्ही बाजूंना सोयाबीन, जिकडे नजर जाईल तिकडे एकसारखं सोयाबीन. त्यात दुसरं पान म्हणून दिसत नव्हतं. चिंचेच्या झाडाशी गाडी ठेवून ती चढायला लागली. शंतनू धापा टाकत, दर वळणावर "अजून किती?" विचारत होता, आणि देवश्री मनात वन्संना नाही नाही ते बोलत होती. शेवटचं वळण घेतलं आणि दोघंही जागीच थांबली.

समोर डोंगराची उतरती बाजू होती आणि तिच्यावर दगडाच्या ताली होत्या. खालपासून वरपर्यंत अकरा. प्रत्येक ताल गुडघाभर उंच, दगडावर दगड नुसता रचलेला, मध्ये चिखल नाही की सिमेंट नाही. आणि खालच्या तीन सोडल्या तर प्रत्येक तालीमागे हिरवा अंधार. मका माणसाच्या वर गेला होता. मक्याच्या अंगावर चवळी चढली होती आणि तिच्या शेंगा हातभर लोंबत होत्या. खाली भोपळ्याची पानं सुपाएवढी पसरली होती आणि त्यांच्या सावलीत अळू उभं होतं. मधूनमधून लाल देठांची अंबाडी. एका वाळक्या झाडावर पडवळ आणि दोडका यांनी असा कब्जा केला होता की ते झाड वाळकं आहे हे पायथ्याशी गेल्यावरच कळत होतं. देवश्रीने आयुष्यभर भाजी टोपलीत, गाडीवर आणि फ्रीजमध्ये पाहिली होती. भाजी अशी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभी असते, हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय.

"पग उठाव, बई. वा भाजी हे," मागून आवाज आला.

सत्तरीची एक बुटकी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. देवश्रीने दचकून पाय उचलला. खाली जे तिने गवत समजून तुडवलं होतं ती घोळ होती. बाजूला पाय ठेवला तर तिथे तांदुळजा. तिसरीकडे ठेवला तर मालन हसायला लागली, कारण तिथे केना होता. जिथे पाय ठेवावा तिथे खायचं काहीतरी होतंच. शेवटी मालनने तिला दगडावर उभं केलं आणि म्हणाली, इथून बघ.

"ये सब आपने अकेले लगाया?" शंतनूने विचारलं.

मालनने सांगितलं ते तिच्या बोलीत आणि तुकड्यातुकड्यांनी. तिच्या सासूच्या सासूला धारच्या पाच मराठी घरांनी विचारलं होतं, बाई, वर्षातून एक दिवस आम्हाला बैलाशिवायचं खायला लागतं, तुझ्या डोंगरावर नांगर तसाही चालत नाही, तू देशील का? ती हो म्हणाली. तेव्हापासून या उतारावर बैलाला पाऊल ठेवू दिलं नाही. ताली तिने, सासूने आणि सासूच्या सासूने हाताने रचल्या. नांगरायचं नाही, म्हणून हात-हात अंतरावर कुदळीने आळी खणायची, त्यात शेणखत, राख आणि पळसाचा पालापाचोळा. एका आळ्यात मका, चवळी, भोपळा एकत्र टोचायचे. मका उभं राहायला जागा देतो, चवळी जमीन सुधारते, भोपळा ओल धरून ठेवतो. बियाणं बाजारातून कधी आणलं नाही. घरात शिंक्यावर राखेत मिसळलेल्या बियाण्याची मडकी होती, ती तिने उतरवून दाखवली. पांढरा मका, जांभळा मका, तीन तऱ्हेची चवळी, आणि बालम काकडीचं बी.

"यो बीज म्हारी सासू को, ने वणी की सासू को," ती म्हणाली. हे बी माझ्या सासूचं, आणि तिच्या सासूचं. मूठभर दाणे तिने देवश्रीच्या ओंजळीत टाकले.

देवश्रीने ओंजळ घट्ट मिटली. कुणीतरी एक दिवस जेवायचं म्हणून कुणीतरी शंभर वर्षं डोंगर राखला होता! आणि तो एक दिवस कुणाचा, तर ज्यांनी पुढे तो ट्रॅक्टरच्या तर्कावर निकालात काढला त्यांचा. पाच घरांतली चार घरं केव्हाच यायची थांबली होती. एकट्या इरावतीताई येत होत्या.

"तेरा बरस पेलां एक दफे नी दी," मालन म्हणाली. तेरा वर्षांपूर्वी शेजारच्या फळियातला, म्हणजे वस्तीतला, बैल सुटून वरच्या दोन तालींत शिरला होता. नांगर नाही, औत नाही, नुसता चरून गेला. मालन धारला चालत गेली आणि ताईंना सांगून आली, यंदा माझ्याकडची भाजी चालायची नाही. ताईंनी त्या पंचमीला नुसत्या केळ्यांवर दिवस काढला.

"पर उनको पता थोड़ी चलता," शंतनू म्हणाला. "नीचे वाली नौ में से दे देते."

मालनने त्याच्याकडे असं पाहिलं, की वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराकडे देवश्रीही इतक्या मायेने कधी पाहत नसेल. "खावा वाली ने तो मालम नी पड़तो," ती म्हणाली. "पण म्हने तो मालम थो."

खाणारीला कळलं नसतं, पण मला तर माहीत होतं. देवश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ वर्षांचा फ्लॉवर तिला आठवला. आपण देवाशी हिशोबात हुशारी केली होती आणि इथे एक निरक्षर बाई, जिला ना ते व्रत होतं ना त्याचं पुण्य, दुसऱ्याच्या व्रताला शब्दाने बांधून घेऊन पन्नास पावसाळे कुदळ मारत होती. बैलाचे कष्ट नकोत, हे वन्संच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बैलाच्या जागी कुणी कष्ट केले ते आज पहिल्यांदा तिला दिसत होतं. मालनच्या तळहातावर रेषा उरल्याच नव्हत्या, ते नुसतं सपाट, चिवट कातडं झालं होतं.

मालन भाजी तोडायला लागली. प्रत्येक वेलीचं थोडं घ्यायची आणि थोडं ठेवायची. पडवळ, दोडका, चवळीच्या शेंगा, अंबाडी, अळू, माठ, कोवळी कणसं, लाल भोपळ्याची फोड. मग तिने एक बालम काकडी तोडली, मनगटाएवढी जाड आणि हातभर लांब, आणि दगडावर मधोमध फोडली. आतून ती केशरी निघाली, पिकल्या पपईसारखी. शंतनूने नुसत्या वासानेच मान पुढे केली. त्याने एक फोड खाल्ली. मग दुसरी. तिसरीच्या वेळी त्याने मीठही मागितलं नाही.

"देवश्री," तो हळू आवाजात म्हणाला, "काकडीला वास असतो?"

"मला कुठे माहीत होतं?" ती म्हणाली.

ऊन चढलं तशी मालनने जेवून जा म्हटलं. तिने मक्याचं पीठ मळलं, पळसाच्या दोन पानांमध्ये थापलं आणि पानांसकट गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर ठेवलं. याला इथे पानिया म्हणतात. भाजी म्हणून पायाखाली आली होती तीच घोळ, तांदुळजा आणि चवळीच्या शेंगा, मडक्यात, वरून हिरवी मिरची ठेचून. तेल जेमतेम बोट बुडेल एवढं. देवश्री सगळं डोळ्यांत तेल घालून पाहत होती. कुठली पाककृती, कुठलं प्रमाण, काही सुटू नये म्हणून. पण सुटण्यासारखं काही नव्हतंच. तिने मसाल्याचा डबा कुठे दिसतो का पाहिलं. नव्हता. जे होतं ते वर तालींवर आधीच झालं होतं.

निखाऱ्यावरून उतरवलेल्या पानियाची करपलेली पानं मालनने सोलली आणि आतून पिवळी, पानाच्या शिरांची नक्षी उठलेली भाकरी निघाली. शंतनूने पहिला घास घेतला. देवश्री स्वतःचं जेवायचं विसरून त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. दीड महिन्यात प्रत्येक घास तो ज्या शहीद चेहऱ्याने चावायचा तो चेहरा आज आलाच नाही. तो डोळे मिटून खात होता. मधेच थांबला, पानावर बोटाने भाजी पुसून घेतली आणि परत डोळे मिटले. दुसरी पानिया त्याने मागून घेतली. या माणसाने घरी भाजी मागून घेतल्याला किती वर्षं झाली, हे तिला आठवेना, आणि तिला एकदम इतकं हलकं वाटलं की रडावं की हसावं ते कळेना.

जेवण होताच तिने धीर करून विचारलं. आम्हाला दर आठवड्याला अशी भाजी मिळेल का? आम्ही देवासहून येऊ. जे असेल ते, जेवढं असेल तेवढं.

मालनचा चेहरा पडला. तिने खालच्या तीन तालींकडे बोट दाखवलं. तिथे गवत माजलं होतं आणि दगड ढासळले होते. दर पावसाळ्यात ताली थोड्या पडतात, त्या पुन्हा रचाव्या लागतात. तिचा एकुलता एक मुलगा मानाजी पीथमपूरला कारखान्यात लागला होता. तो वाईट नव्हता, पण महिन्यातून एकदा यायचा आणि म्हणायचा, माय, एका घराच्या एका दिवसासाठी किती मरशील, खाली उतर, ताली मोडू, यंत्र आणून सपाट करू, सोयाबीन पेरू. तिच्या हातांत आता दगड उचलायचं बळ राहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी ताईंना नाही म्हणून सांगायला जायचं, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. कसं सांगायचं तेवढंच तिला सुचत नव्हतं.

सापडलं म्हणेपर्यंत हे हातातून निसटत होतं. देवश्री शंतनूकडे पाहत होती, शंतनू खाली पानाकडे.

आणि मालनला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. ती देवश्रीला न्याहाळत होती. दर आठवड्याला कशाला पाहिजे हे, तिला उमगेना. तिच्या सासूने तिला सांगितलं होतं, धारच्या बायका मोठ्या घरच्या आहेत, पाप धुवायचं म्हणून वर्षातून एक दिवस आपल्यासारखं खातात, एवढा एक दिवस बिचाऱ्या कष्टाने काढतात. मालनला दर पंचमीला त्यांची कीव यायची. ती तर हे रोजच खात आली होती, जन्मापासून. एक दिवस जर हे खाणं शिक्षा असेल, तर बाकी दिवस या लोकांच्या ताटात काय काय असेल, याचा तिने आयुष्यभर विचार केला होता. पण ताईंना विचारायची हिंमत कधी झाली नव्हती. आज तिने विचारून टाकलं.

"ने बाकी दन तम काईं खाओ?"

बाकी दिवस तुम्ही काय खाता? देवश्रीच्या डोळ्यांपुढून भूपेंद्रची गाडी गेली, पाण्याचा दुधी गेला, ओट्स गेले, आठ वर्षांचा फ्लॉवर गेला. मालन वाट पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर खरंखुरं कुतूहल होतं, एखाद्या नवलाच्या गोष्टीची वाट पाहणारं.

शंतनूने पानावरून मान वर केली.

"गोलियाँ, माँजी," तो म्हणाला. "सुबह दो, शाम को दो."

मालन हसली नाही. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांकडे, मग हातांकडे, कारखान्याच्या थंड लोखंडावर बावीस वर्षं फिरलेल्या मऊ बोटांकडे. मग तिने निखाऱ्यावरची शेवटची पानिया, जी तिने स्वतःसाठी ठेवली होती, सोलली आणि त्याच्या पानावर वाढली.

"तो दीतवार का दन आवजो," ती म्हणाली. रविवारी या. "थेली पछी लावजो. पेलां हाथ लावजो."

पिशवी मागाहून आणा, आधी हात आणा. शंतनूने ती पानिया सावकाश संपवली, हात धुतले आणि पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून तो खालच्या पडलेल्या तालीकडे उतरायला लागला. पहिला दगड त्याच्या हातून हललाच नाही, म्हणून देवश्रीही उठली.